संपादकांचा अंगठा

एक बाग डोळ्यांसमोर आणा बरं. फार मोठी नको, या फाटकातून हाक मारली तर त्या कुंपणापर्यंत पोचेल एवढीच. मधोमध दगडी चौथरा आणि त्यावर ब्राँझचे एक गृहस्थ. बाकीचे पुतळे घोड्यावर बसतात, हात उंचावतात. हे मात्र पाठीला पोक काढून टेबलावर ओणवे झालेले. हे या शहराच्या वर्तमानपत्राचे संपादक. समोर चौकट, चौकटीत छापायचं पान, आणि कोपऱ्यावर त्यांचा उजवा अंगठा. टेकलेला नाही हं, जरासा वर. त्या फटीत एका मुलीचं बोट बेताचं मावायचं.

ती मुलगी रोज संध्याकाळी आजोबांना घेऊन बागेत यायची. घरात दोघंच. आजोबा खोकले की तिच्या हातातला घास हातातच राहायचा.

आजोबा याच संपादकांच्या छापखान्यात जुळारी होते. त्या काळी शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवाव्या लागत, आणि चुकलेला खिळा चिमट्याने उपटावा लागे. तो चिमटा अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. जुन्या खिळ्यांचा पत्र्याचा डबा मुलीच्या पिशवीत. बाकावर बसून ते तिला उलटी अक्षरं वाचायला शिकवत.

"चुकीचा खिळा काढला, की लगेच दुसरा घालायचा," ते सांगत. "भोक ठेवलंस तर शेजारचे ढिले होतात आणि पान कोसळतं."

"आणि साहेबांनी कोपऱ्यावर अंगठा टेकला की?"

"मग संपलं. मग ब्रह्मदेव आला तरी काना हलायचा नाही."

पुतळ्याच्या पानावर मात्र अक्षरं नव्हतीच. मूर्तिकाराने नुसत्या नागमोडी रेघा ओढून वेळ मारून नेली होती.

एका संध्याकाळी मुलीने नेहमीसारखं फटीत बोट घातलं, तर तळव्याला काहीतरी टोचलं. रेघांच्या जागी अक्षरं होती. बारीक, धारदार, उलटी. तिने वाचलं. बेकरीवाल्या मावशींच्या निधनाची बातमी होती.

मावशींनी तर दुपारीच तिला तुटकी बिस्किटं दिली होती, वर म्हणाल्या होत्या, "पोटात गेल्यावर सगळी तुटतातच, घे."

तिने आजोबांना सांगितलं.

"त्या पानाला हात लावू नकोस. साहेब नेहमी उद्याचं पान लावायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ऊठ, गार वाटतंय."

दुसऱ्या दिवशी बेकरीचं शटर खाली होतं आणि बाहेर माणसं हळू आवाजात बोलत उभी होती. संध्याकाळी पानावर पुन्हा नागमोडी रेघा. मुलीने हात फिरवून पाहिला. गुळगुळीत.

त्यानंतर आजोबांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध बदललं आणि मुलीच्या डोक्यावर उगाच हात ठेवला. तरी आजोबांनी बाग सोडली नाही. "घरात बसलो तर भिंती खायला उठतात," म्हणायचे.

मग एक दिवस ते बाकावर पेंगत असताना मुलगी चौथऱ्यावर चढली. पानावर अक्षरं होती.

आजोबांचं नाव होतं. आडनावासकट.

तिने फटीत बोट घालून पाहिलं. जाईना.

तिने वळून आजोबांकडे पाहिलं. छाती खालीवर होत होती. पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं, तर फटीत आता नखही शिरत नव्हतं.

ती खाली उतरली. आजोबांच्या खिशातून चिमटा काढला. पुन्हा चढली आणि पहिलं अक्षर धरून ओढलं.

ते सहज निघालं. कोमट होतं.

एकेक करून तिने अख्खं नाव उपटलं.

अंगठा थांबला. बाकावर आजोबांनी डोळे उघडले. "आज छातीत मोकळं वाटतंय गं," ते म्हणाले.

मुलीच्या जिवात जीव आला.

टक्.

भोकाच्या काठावरचं अक्षर कलंडलं. मग शेजारचं. मग वरच्या ओळीतलं. आजोबांना ठसका लागला, तो थांबेना.

भोक ठेवायचं नसतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बाग बंद करणारा रखवालदार येत होता. मुलं त्याला शिट्टीकाका म्हणत. आजोबांची चाल मंद म्हणून त्यांच्यासाठी तो रोज फाटक थोडा वेळ उघडं ठेवी.

"काय संपादकबाई, अंक निघाला का?" तो हसत म्हणाला. मग आजोबांजवळ बसून त्यांची पाठ चोळू लागला. "सावकाश, आजोबा. घाई कुणाला आहे? मी आहे इथेच."

टक्.

मुलीने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

"काका, तुमचं खरं नाव काय?"

"माझं?" त्याचा चेहरा खुलला. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही बघ." आणि त्याने नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं.

मुलीने चिमट्यात पहिला खिळा धरला.

"जरा हळू सांगा ना, काका," ती म्हणाली. "एकेक अक्षर."