तक्रारदार हजर

कोंढ्याच्या चौकात शेकोटी पेटली होती. धनीराममामांनी जळती लाकडं आत सारली आणि हात चोळले. समोर प्रविण, त्याची बहीण खुशबू आणि शाली पांघरलेली आणखी चार-दोन पोरं बसली होती.

"माह्या सख्ख्या भाच्यासोबत झालं हे, योगेंद्रसोबत," मामा म्हणाले. "ज्याले हसायचं आहे त्यानं आताच हसून घ्या."

पोरं शेकोटीजवळ सरकली.

योगेंद्र नागपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत आहे. माती-पाण्याचे नमुने गोळा करणं हे त्याचं काम. गेल्या साली, म्हणजे २०२५च्या जानेवारीत, बावीस तारखेला तो मोहाडीहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात गेला होता. वार बुधवार. पेट्रोलपंपाची जमिनीखालची डिझेलची टाकी गळते आणि विहिरीच्या पाण्याला वास येतो, अशी धुरपताबाई नावाच्या बाईची तक्रार होती. तिच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि रात्रीच नागपूरला न्यायचं. पाण्यात डिझेल निघालं तर टाकी उकरायची. नाही निघालं तर फाईल बंद. शेजारची दोन घरं अजून त्याच विहिरीचं पाणी पीत होती.

पंपाजवळची माती त्यानं दुपारीच घेतली. मग पंपाच्या मालकानं त्याला आग्रहानं जेवायला बसवलं, गप्पांत गुंतवलं आणि निघताना हळूच म्हणाला, "विहीर अडचणीच्या जागी आहे साहेब. रोडवरच्या हातपंपाचं घ्या न. खालून त पाणी एकच असते."

योगेंद्र विहिरीवर पोचला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गल्लीत अंधार. घराला कुलूप. त्यानं फॉर्म काढला. 'नमुना घेताना तक्रारदार हजर / गैरहजर' अशी ओळ होती, तिच्यातला 'हजर' त्यानं खोडला. खालचा सही-अंगठ्याचा चौकोन रिकामा राहिला. मग विहिरीवरचा पत्रा सरकवला.

वास थेट घशात शिरला. टॉर्चच्या उजेडात पाण्यावर निळे-जांभळे तवंग फिरत होते. भिंतीला काळा, चिकट थर. मधोमध एक बेडूक उताणा तरंगत होता. फुगलेला. पोटाची कातडी सोलून लोंबत होती.

त्यानं नाकावर रुमाल दाबला. तो तसाच मागे फिरला.

रस्त्यावरच्या हातपंपावर त्यानं बाटली काठोकाठ भरली. या बाटलीत हवेचा एक बुडबुडाही चालत नाही, डिझेलचा अंश त्यात उडून जातो. उलटी करून पाहिली. स्वच्छ. वर चिठ्ठी चिकटवली, 'धुरपताबाईची विहीर'. बाटली डब्यात गेली. तेवढ्यात आठवलं, विहिरीवर पत्रा झाकायचा राहिला. एखादं लेकरू पडायचं. डबा खांद्याला अडकवून तो परत गेला.

घराचं दार उघडं होतं.

ओसरीवर एक म्हातारी बसलेली. हातात पितळेचा गिलास.

"आलास, बापू? पानी पिऊन जा."

"नको आजी, घाई आहे."

"आमच्या दारातून तहानलेलं कोनी जात नाही."

नाही म्हणवेना. त्यानं गिलास घेतला. गार होता… आणि बुळबुळीत. टॉर्च मारला. आत तेच निळे-जांभळे तवंग.

"आजी, हे पिऊ नका. खराब आहे."

"काहून?" म्हातारी हसली. "तुह्या बाटलीवर माह्या विहिरीचं नाव हाय ना? बाटलीतलं पानी त चांगलं हाय. मंग हेही चांगलंच… पी."

बाटली त्यानं कुणालाच दाखवली नव्हती.

"पी ना…"

त्याला गिलास ओठाला लावता आला नाही. म्हातारीनं गिलास काढून घेतला आणि स्वतःच प्यायली. घटाघट. ओठाच्या कोपऱ्यातून काळी धार हनुवटीवर आली. तिथून गळ्यावर. जिथून गेली, तिथली कातडी सोलून लोंबली…

"दोन वर्सं पेली मी," ती म्हणाली. "तुले एक घोट जड जाते."

योगेंद्रनं डबा उघडला. हातपंपाची बाटली जमिनीवर ओतली.

म्हातारीनं रिकामा गिलास उपडा ठेवला.

तो विहिरीशी गेला. दोरीला बांधलेली, पाणी वर काढायची नळी आत सोडली. बाटली भरली. बुडबुडा. ओतून दिली. परत भरली. बुडबुडा…

मागून वास आला. जवळ. मग मानेवर… गार.

त्यानं वळून पाहिलं नाही.

"भर, बापू… काठोकाठ…"

तिसऱ्यांदा भरली. उलटी केली. एकही बुडबुडा नाही.

पत्रा झाकून तो वळला. ओसरी रिकामी. दाराला कुलूप. कुलपावर कोळ्याचं जुनं जाळं, कुठंही न तुटलेलं.

शेकोटीत लाकूड फुटलं. खुशबू प्रविणला चिकटून बसली होती.

"मंग, मामा? कोन होती ते?"

"धुरपताबाई दिवाळीच्या आधीच वारली होती. घर तवापासून बंद."

"अन् पानी?"

"डिझेल निघालं. टाकी उकरली, त बुड चाळणीसारखं. विहीर बंद केली, त्या दोन घरांले नळ दिला."

मामांनी फुटलेलं लाकूड आत सारलं.

"पोरानं नोकरी नाही सोडली. पर नमुना घ्याले आता दिवसाच जाते."

"त्याले भास झाला असन," प्रविण म्हणाला. आवाज मात्र बारीक निघाला.

"मीबी तसंच म्हनलं होतं. मंग त्यानं मले तो फॉर्म दाखवला."

फॉर्म प्रयोगशाळेच्या फाईलमध्ये आहे. योगेंद्रनं खोडलेला 'हजर' तसाच आहे. खालच्या, रिकाम्या ठेवलेल्या चौकोनात एक अंगठा उमटलाय. शाई नाही. तेल. डिझेलचा डाग कागदावर पडला तर काही दिवसांत वाळतो, वास उडतो. याला साल झालं. मामांनी स्वतः बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं.

फाईलमधला वरचा कागद कोरडा होता. खालचाही.