कोरडी नाव

नाव कोरडी होती. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

अगदी ठणठणीत कोरडी नव्हे. तळाच्या फळ्यांना हात लावला तर गार ओल लागत होती, पण पाणी म्हणावं असं ओंजळभरही नव्हतं. नथू भोई रात्रभर पाण्यावर तिच्यात झोपून आला होता आणि सकाळच्या गारठ्यात घोंगडी झटकत हसत होता. मला त्यात वावगं काही दिसलंच नसतं. पण माझ्या शेजारी म्हातारा गेणबा उभा होता, आणि तो हसत नव्हता.

त्याचं म्हणणं त्यानं हळू आवाजात मला समजावलं. ही नाव तीन वर्षं काठावर उन्हात पालथी पडून होती. अशा नावेचं लाकूड आटतं, फळ्यांचे सांधे उघडतात. पाण्यात सोडली की पहिल्या रात्री घोटाभर पाणी आत येतंच. मग लाकूड फुगतं, सांधे मिटतात, आणि नाव किती खरी ते त्यानंतर कळतं. पहिल्या रात्री पाणी न घेणारी जुनी नाव त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"खरी नाव आदी रडती, बाई," तो म्हणाला. "ही रडलीच न्हाई."

मग त्यानं नावेच्या बाहेरच्या अंगाकडे बोट दाखवलं. वरच्या कडेपासून खालपर्यंत, एकाच जागी, फळीवर ओला ओघळ होता.

ही गोष्ट १९६१ च्या डिसेंबरातली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. इंटर झाले आणि ग्रामसेविका म्हणून मुळशीच्या धरणाकाठी, भोयांच्या एका वाडीत माझी नेमणूक झाली. त्याच जुलैत पुण्यात पूर आला, तेव्हा आम्ही एक अख्खा दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढला होता. तेव्हापासून पाणी नुसतं दिसलं तरी मी तोंड फिरवायचे, आणि खोलीचं दार उघडलं की समोर मैलभर पाणीच. नथू सगळ्यांसमोर माझी थट्टा करायचा, बाई पाण्याचा तांब्या बगून दोन पावलं मागं सरत्यात, अन नाव पास करायला आल्यात.

नाव पास करायचं काम खरंच माझ्याकडे आलं होतं. खात्यातर्फे वाडीला मासेमारीसाठी एक नाव मिळणार होती. कोणती ते वाडीनं निवडायचं, आणि नाव पाण्यात नेण्यास योग्य आहे अशा अर्थाच्या कागदावर सही करायची ती मी. लिहिता-वाचता येणारी तिथं मी एकटीच.

नावा दोनच मिळण्यासारख्या होत्या. पलीकडच्या काठावरच्या सुतारानं एक नवी केली होती, लांबट आणि अरुंद. नदीच्या धारेला ती चांगली, पण धरणाच्या पाण्यावर दुपारचं वारं सुटलं की लाटा आडव्या येतात. तिच्यात उभं राहून जाळं फेकायचं तर जाळ्याच्या आधी माणूस पाण्यात, असं गेणबा म्हणाला. दुसरी ही. सागाची, रुंद, सपाट बुडाची, उंच कडांची. तळ्यात स्थिर राहील, आणि पावसाळ्यात खाली नदीच्या डोहात नेली तर खडकांवरून न अडकता सरकेल. नथूनं तिच्यात उभं राहून चार उड्या मारून दाखवल्या होत्या. त्याला हीच हवी होती. वाडीनं कोणतीही घेतली तरी रोज तिच्यात बसणार नथूच होता.

आणि नथूची बायको सगुणा ही माझी तिथली एकुलती एक मैत्रीण. संध्याकाळी ती माझ्या उंबऱ्यावर बसून बोलायची, माझ्यासाठी भाकरी आणायची. पण दिवा मालवला की तीही परकी व्हायची. त्या वाडीची रीतच तशी होती. दिवे मालवल्यावर कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आपलं नाव घेतलं तरी नाही, ओळखीचा आवाज असला तरी नाही. पाणी माणसाच्या आवाजात बोलावतं म्हणत. एकदा रात्री माझ्या खोलीत साप निघाला, तेव्हा मी घसा फुटेस्तोवर सगुणाला हाका मारल्या होत्या. सकाळी ती रडत म्हणाली, ऐकलं हो बाई, पन ओ कशी देऊ.

त्या ओल्या ओघळाचा अर्थ मला तरी सरळ दिसत होता. नावेत पाणी आलं होतं आणि नथूनं ते रात्रीत उपसून बाहेर टाकलं होतं. आपल्या आवडीची नाव नापास होऊ नये म्हणून. मी सही केली आणि भर तळ्यात नाव बुडाली तर सगुणाला मी काय तोंड दाखवणार होते? मी गेणबाला तसं म्हटलं. त्यानं मान हलवली नाही, नाकारलंही नाही. आज पुन्हा सोडू, म्हणाला, आणि काठावर बसून बघू.

ती रात्र मंगळवारची. पाच डिसेंबर, कार्तिक वद्य त्रयोदशी. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता.

नाव पारखताना आत माणूस लागतोच. रिकामी नाव खोटं बोलते, वजन पडल्यावरच सांधे बोलतात, असं तिथं मानतात. म्हणून नथू पुन्हा आत गेला. काठापासून तीस-पस्तीस हातांवर नाव उभी केली, एका टोकाला दगडाचा नांगर, दुसऱ्या टोकाचा दोर काठावरच्या जांभळीच्या बुंध्याला. पाणी उपसायचा पत्र्याचा डबा मी आधीच काढून घेतला होता. नथूला ते लागलं असावं, पण तो हसला आणि मधल्या आडव्या फळीवर घोंगडी घेऊन आडवा झाला. सगुणा परत जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "त्येंची झोप लई जड. ध्यान ठेवा, बाई."

गेणबा आणि मी कंदील मध्ये ठेवून बसलो. वाडीतले दिवे एकेक करून गेले. पाण्यावर धुकं नव्हतं, वारा नव्हता. बऱ्याच वेळानं गेणबानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि मला सांगितलं, ही नाव कुणाची.

नाव बहिरूची. बहिरू एकटा माणूस, पुढं-मागं कुणी नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच थंडीत तो रात्रीचा जाळं टाकायला गेला आणि भर पाण्यात नावेचा सांधा उकलला. वल्हं हातचं गेलं. रात्रभर तो डब्यानं पाणी उपसत होता. डब्याचा आवाज काठापर्यंत येत होता. आणि मधेमधे तो हाका मारत होता, एकेकाचं नाव घेऊन. सगळी वाडी जागी होती. पण दिवे मालवलेले होते.

"माजं नाव त्येनं सात डाव घ्येतलं," गेणबा म्हणाला. त्याची नजर पाण्यावर होती. "मी आतनं कडी धरून हुबा हुतो."

मी कंदील थोडा जवळ ओढला.

"सकाळी नाव आपसूक काठाला लागली. बहिरू न्हवता. अन नावंत... पान्याचा थेंब न्हवता, बाई."

कंदिलाची वात मी दोनदा वर केली. माझ्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा नावेकडून आवाज आला.

खर्र... सळ्.

पत्रा लाकडावर घासावा, आणि मग पाणी पाण्यात पडावं.

खर्र... सळ्.

घाई नव्हती त्यात. सवयीच्या हाताचा, संथ आवाज.

गेणबानं मान वर केली. मग तो उठला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि मागच्या चढावरच्या आपल्या खोपीकडे चालू लागला. मी विचारलं, कुठे निघालात. त्यानं वळून पाहिलं नाही. दार लागल्याचं ऐकू आलं. मग कडी.

मी काठावर एकटी उरले.

माझी भीती मला चांगली माहीत आहे. ती नेहमी रागाचं तोंड घेऊन येते. बहिरूची गोष्ट नथूनंही ऐकलेली असणारच, मी मनाशी म्हटलं. डबा माझ्या पायाशी आहे, म्हणजे यानं दुसरा लपवून नेला. भुताच्या आडून हा मला फसवतोय, आणि स्वतःच्या जिवाशी खेळतोय. मी उभी राहिले आणि शाळेतल्या बाईसारखी, सगळा धीर एकवटून ओरडले, "उपसणं बंद करा. मी ऐकते आहे."

आवाज थांबला.

लगेच. एवढं ऐकण्यासाठीच जणू कुणी वाट पाहत होतं.

मला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. मी कंदील उंच धरला. उजेड जेमतेम नावेपर्यंत पोचत होता. मधल्या फळीवर घोंगडी दिसली. घोंगडीखाली माणूस आडवा. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ माझ्याकडे. तो हललेला दिसत नव्हता. आवाज थांबून अजून श्वासभर वेळही झाला नव्हता.

मग उपसत होतं कोण...

तेवढ्यात नावेतून दुसरा आवाज यायला लागला. बारीक. घागरीत पाणी शिरताना येतो तसा.

"नथूभाऊ."

मी कंदील हलवला.

"नथूभाऊ, उठा. नावेत पाणी येतंय."

नावेची काळी कड मघाशी वीतभर वर होती. आता चार बोटं. मी कंदील खाली ठेवून दोर ओढला. दोर ताणला, तळहात सोलले, नाव तसूभरही हलली नाही. पलीकडे नांगराचा दगड होता. मी पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. पुढे पाऊल उचलेना. मला पोहता येत नाही. त्या काळ्या पाण्यात माझे पाय जुलैपासूनच रुतलेले होते.

"नथूभाऊ... मी आहे... बाई..."

आणि मग घोंगडी हलली. मी पाहिलं. त्यानं ती डोक्यावरून आणखी घट्ट ओढून घेतली.

तो जागा होता. तो ऐकत होता. लहानपणापासून शिकवलं होतं तसा, रात्री पाण्यावरून आलेल्या हाकेला ओ न देता, श्वास रोखून पडून होता. मी जितकं ओरडेन तितकं तो अंग चोरून घेणार होता. पाणी त्याच्या फळीला लागलं तरी त्याला वाटणार होतं, हेही पाण्याचंच सोंग.

मी मागे वळले. "गेणबा!"

खोपीच्या दाराच्या फटीत उजेड होता. तो विझला.

"सगुणा... सगुणा, तुझा नवरा..."

वाडी समोर होती. बारा घरं. एकाही घरातून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही, इतकी सगळी जागी होती.

बहिरूनं सगळ्यांची नावं घेतली होती. आता मीही घेऊन संपवली होती. हाक मारावी असं माझ्याजवळ कुणी उरलं नव्हतं. पुण्याला आईला ऐकू जाणार नव्हतं. देवाचं नाव ओठावर आलं आणि मला तेही फार लांब वाटलं.

नावेची कड दोन बोटं.

ज्याला मी थांबवलं होतं, तेवढा एकच माणूस त्या पाण्यावर माझं ऐकत होता. एकदा ऐकलं होतं त्यानं.

मी ओरडले नाही. घसा बसला होता. शेजारच्या खोलीतल्या वडीलधाऱ्याला उठवावं तशी बोलले.

"बहिरूबाबा."

काही नाही.

"माझं चुकलं. तुम्ही थांबू नका."

पाणी. अंधार.

"बहिरूबाबा... उपसा."

कड एक बोट उरली. मग...

खर्र... सळ्.

खर्र... सळ्.

आणि त्या दोन आवाजांच्या मधे, नावेच्या पलीकडच्या टोकाकडून, जिथं कंदिलाचा उजेड पोचत नव्हता तिथून, दमलेल्या, घोगऱ्या, खूप दिवसांत न बोललेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"ओ."