गुलाबी ठसा

ऑफिसात त्यांना सगळे ‘छत्रीबाई’ म्हणत. जन्म अळंब्यांमागे गेला, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. पण टेकडीवरच्या जंगलातल्या या दोन अळंब्यांनी बाईंना पार मेटाकुटीला आणलं होतं. दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्ही दुर्मीळ, दोन्ही संपत आलेल्या. फरक म्हणे एवढाच, की एकीची भुकटी पांढरी पडते, दुसरीची गुलाबी. पांढरी निदान आणखी कुठे कुठे उगवते. गुलाबी असलीच तर फक्त इथे.

साहेबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “गुलाबी ठसा दाखवा, जंगलातून जाणारा रस्ता वळवतो. नाहीतर सोमवारी झाडं पडणार, बाई. माझेही हात बांधलेले आहेत.”

ठसा घ्यायचा म्हणजे छत्री देठापासून कापून काचेवर ठेवायची, वर वाडगा झाकायचा. तिच्या पोटाशी असलेल्या चुण्यांमधून भुकटी गळते आणि काचेवर त्या चुण्यांची नक्षी उमटते. फक्त हवा हलता कामा नये. ऑफिसात पंखे, स्वयंपाकघरात वर्दळ. म्हणून बाईंनी काचा आजारी नवऱ्याच्या खोलीत मांडल्या. त्यांचा ताप हटत नव्हता, खिडक्या कायम बंद असायच्या.

पहिलीचा ठसा लगेच पडला, पांढराशुभ्र. दुसरीची काच कोरीच. बाईंनी ताज्या छत्र्या आणल्या. पुन्हा कोरी. छत्र्या मात्र आतून पार रिकाम्या होऊन वाळत.

“कुठे तडमडते हिची भुकटी?” बाई करवादल्या.

“ओल्या मातीचा वास येतोय गं,” नवरा म्हणाला. “बरं वाटतं.”

ताप उतरला होता. अंग गार लागत होतं. खोकला थांबला, डॉक्टरही खूश झाले. जेवण तेवढं नको म्हणायचे. ऊनही नको. पडदा ओढून घ्यायला लावायचे. चला, एक काळजी मिटली, म्हणून बाईंना हायसं वाटलं.

रविवारी दुपारी मात्र त्यांच्या उशाशी बसल्यावर बाईंना रडूच फुटलं. एवढं जंगल जाणार, आणि आपल्या हातात कोरी काच.

“रडू नकोस,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “पडेल.”

“काय पडेल?”



अभ्रा बदलावा म्हणून बाईंनी त्यांचं डोकं उचललं. फार हलकं लागलं.

उशीवर, गालाच्या जागी, गोल डाग होता. मधून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा. फिकट गुलाबी.

बाईंना भीती वाटली. खूप वाटली. मग उद्याचा सोमवार आठवला. कापडावरचा ठसा कोणी मानत नाही.

त्यांनी कोरी काच पुसून आणली आणि हलकेच नवऱ्याच्या गालाखाली सरकवली.

त्यांच्या नाकाशी आलेली काच धूसर होत नव्हती. बरंच झालं, बाईंच्या मनात आलं. हवा हलायला नको.