पहिल्या चढणीचा मान

तुटलेल्या दोराचं टोक भीमाशंकर मास्तरांनी उजेडाकडं धरलं. अर्धे पीळ पिंजून तुटलेले होते. उरलेले अर्धे एका रेषेत, सरळ. चाकूनं कापलेले.

निजामी अमदानीत उमरग्याबाहेरच्या त्या लहानशा कॉलेजात शंभरेक मुलं शिकत असतील. ग्रंथालय नावापुरतंच. पण दोरीच्या मल्लखांबाचं पथक असं, की हैदराबादेहून साहेब लोक बघायला यायचे. मास्तर त्या पथकाचे उस्ताद. आज जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांसमोर वार्षिक खेळ होता, आणि पहिल्याच चढणीला पथकातला सोमलिंग दोरासकट खाली आला. आता तो वसतिगृहातल्या खाटेवर पडला होता. कमरेखालचं त्याला काही कळत नव्हतं.

पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी मुलजिम, म्हणजे आरोपी, तिथल्या तिथं ठरवूनही टाकला. पथकाचा कप्तान बलभीम. चिंचेच्या फांदीला दोर बांधायचा तो कप्तानानं, हा कॉलेजचा रिवाज. शिवाय बलभीमाचा थोरला भाऊ सरकारविरोधी म्हणून आधीच तुरुंगात. अमीनांना आणखी काय पाहिजे?

"मास्तर, दिवस मावळायच्या आत दुसरं नाव द्या," अमीन म्हणाले. "नाहीतर हा लडका माझ्याबरोबर ठाण्यात."

ठाण्यात नेलेली असली पोरं परत आली तरी कशी येतात, हे उमरग्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऊन चिंचेच्या शेंड्यावर चढलं होतं. मास्तर धावतच बलभीमाकडं गेले. त्याच्या दोन्ही बाजूंना शिपाई उभे होते.

"बलभीम, खरं सांग. दोर कधी बांधलास?"

"सकाळी, समद्यांच्या देखत. गाठीला आन् तिच्याखाली हातभर दोराला पूजेची ओली हळद लावली, खाली उतरलो आन् पथकासंगं मारुतीच्या देवळात बसलो. तुमी बी व्हता की. खेळ सुरू होईस्तोवर कुणी हललं न्हाय."

"मग पहिली चढण सोमलिंगला का दिलीस? ती कप्तानाची असते."

बलभीमानं मान खाली घातली. "कप्तानकी त्याला पायजे व्हती, मास्तर. तीन वर्सं वाट बघत व्हता. तुमी माझं नाव घेतलं तवापासनं त्यो माझ्याशी बोलला न्हाय. म्हनलं, मोठ्या लोकांसमोर मान त्याला द्यावा. राग जाईल त्याचा."

"त्याला आधी सांगितलं होतंस?"

"न्हाय. ऐन वेळंला हात धरून पुढं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. हे अमीनांच्या कानावर गेलं, तर फास आणखी आवळला जाणार होता. पोरानं स्वतःच शत्रूला दोरावर चढवला, असंच कुणीही म्हणालं असतं.

फाटकावर पहारेकरी सिद्रामप्पा बसला होता.

"सिद्रामप्पा, आम्ही देवळात होतो तेव्हा मैदानात कोण होतं?"

"सोमलिंग एकला. दोराची राखण दुसऱ्या चढणीच्या गड्यानंच करायची असती न्हवं?"

"आणि तुम्ही?"

"म्या बी व्हतो. पर त्यानंच मला फाटकाबाहेरच्या मांडवात सतरंज्या टाकाय धाडलं. जाताना फाटकाला कुलूप घातलं व्हतं. परत आलो तर चिंचंखाली बसल्याला, घामाघूम."

"बाहेरचं कुणी आलं?"

"चिटपाखरू न्हाय."

मास्तरांनी पुन्हा दोर हातात घेतला. वरून हळदीनं पिवळा. मग त्यांनी कापलेले पीळ बोटांनी उकलले. बलभीम सुटणार होता. पण ज्या नावानं तो सुटणार होता, ते नाव त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना.

दिवस कलताना सगळे सोमलिंगच्या खाटेभोवती जमले. उशाशी त्याची आई शिवम्मा पंखा हलवत होती. बलभीम आत येताच तिनं त्याला शिव्याशाप द्यायला सुरुवात केली.

"अमीनसाहेब, हा दोर बघा," मास्तर म्हणाले. "वरून पिवळा, पण कापलेले पीळ पांढरेशुभ्र. हळद लावण्याआधी कापला असता, तर ओली हळद चिरेत उतरली असती. दोर कापला तो हळद सुकल्यावर. तेव्हा बलभीम आमच्या डोळ्यांसमोर देवळात होता."

"मग सोमलिंगच्या जिवावर कोण उठलं?"

"त्याच्या जिवावर कुणीच उठलं नव्हतं. पहिली चढण कप्तानाची, हे कॉलेजातलं पोर न् पोर जाणतं. दोर कापला तो बलभीमासाठी. तो आपला मान दुसऱ्याला देईल, हे कापणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं."

"नाव बोला, मास्तर."

"फाटकाला कुलूप होतं. मैदानात एकच माणूस होता. राखणीला बसलेला."

शिवम्माचा पंखा थांबला.

मास्तर खाटेवर वाकले. "सोमलिंग, चढण्याआधी तू गाठीकडं बघत राहिलास. एरवी शेंड्याला जाणारा तू, आज अर्ध्यावर थांबून दोराला पायांच्या सोप्या आढ्या घालत होतास. मला वाटलं, बावचळलास. का थांबलास, बाळ?"



"म्हनलं, हलक्या हातानं केलं तर धरंल दोर," सोमलिंग म्हणाला. "पर तुमी खालनं वरडलात, वर जा, वर जा."

 मास्तर ओरडले होते खरे.

"नाही म्हणायचं होतं," अमीन हळूच म्हणाले.

"कसं म्हनू, साहेब? चार लोकांत त्यानं मान दिला. न्हाय म्हनलो असतो तर का ते सांगाय लागलं असतं." त्यानं डोळे मिटले. "चाकू माझ्या ट्रंकंत हाय."

शिवम्मानं पदर तोंडात कोंबला. बलभीमाकडं बघायची तिची छाती होईना.

"याला कुठं नेणार मी?" अमीन पुटपुटले. शिपायांना बलभीमाला सोडायला सांगून ते बाहेर पडले.

खेळानंतर गड्यांनी एकमेकांचे पाय चोळायचे, हाही पथकाचा रिवाज. बलभीमानं कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली आणि तो खाटेच्या पायथ्याशी बसला.  सोमलिंगला मान हलवता येत नव्हती. खोलीत आता कोण उरलंय, ते त्याला दिसत नव्हतं.

"बलभीम," त्यानं हाक मारली, "गेलास व्हय रं?"

"न्हाय," बलभीम म्हणाला. "तुझे पाय चोळतोय."