ताटातलं नाव

ठाण्याला तळ्याकाठच्या संग्रहालयात कै. त्र्यंबकरावांच्या समग्र चित्रांचं प्रदर्शन उद्या उघडणार होतं. सुमतीचं अक्षर वळणदार, म्हणून चित्रांखालच्या पट्ट्या लिहायचं काम तिच्याकडे आलं. त्र्यंबकराव तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आता दोघंही नव्हती. ताई आधी गेली, ठाकुर्लीच्या घरात, मागच्या खोलीत.

टळटळीत दुपार. दालनात दुसरं कुणी नव्हतं. भिंतींवर चौदा चित्रं: झाडांना लोंबणारे मासे, कुठेच न पोचणारे जिने, आणि प्रत्येक आभाळात चंद्राच्या जागी तांदळाचं ताट. वर्तमानपत्रं याला अतिवास्तववाद म्हणत. सुमतीला ते ताट ओळखीचं होतं. लग्नात तसल्याच ताटात अंगठीने 'नीला' लिहून त्र्यंबकरावांनी मंदाकिनीची नीला केली होती. "माझं नाव त्या तांदळाखाली राहिलं गं," ताई म्हणायची, आणि खोलीचं दार लावून रंगवत बसायची.

सुमतीने 'त्र्यंबक' लिहायला घेतलं. टाक कोरडा पडला. पुन्हा बुडवला, पुन्हा कोरडा. चित्रं वाळून चार वर्षं झाली होती, तरी टर्पेंटाइनचा ताजा वास येत होता...

तेवढ्यात भाऊ आले, त्र्यंबकरावांचे थोरले बंधू. धाकट्याची लग्नातली अंगठी आता त्यांच्या बोटात असे.

"अजून कोऱ्याच?"

"भाऊ, ही चित्रं ताईची आहेत. तुम्हाला माहीत आहे."

"रंग कालवून दिले असतील तिने. उद्या स्वयंपाकीण म्हणेल, जेवण माझं."

"रांधलं तिने असेल तर तिचंच."

"आठ दिवसांनी शीला होऊन सासरी जायचंय तुला. तिथे ही जीभ चालायची नाही."

त्यांनी स्वतःच पट्टी खरडली आणि मोठ्या चित्राखाली लावायला गेले. तेव्हा आवाज आला. बोटाने ताटातले तांदूळ बाजूला सारावेत तसा. सर्र... सर्र...

"सुमती... हे काय गं?"

चित्रातल्या तांदळात रेघ उमटत होती. मं... दा... भाऊंनी त्या रेघेवर तळवा घासला. चार दाणे टपटप फरशीवर पडले. खरे दाणे. भाऊंनी हात मागे घेतला, तर बोटात अंगठी नव्हती. ती ताटात होती, रंगवलेली.

भाऊ चपला न घालताच निघून गेले.

भाऊंची पट्टी फाडून सुमतीने चौदा नव्या लिहिल्या: 'चित्रकार: मंदाकिनी'. टाक एकदाही अडला नाही.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाआधी ती पट्ट्या बघायला आली. सगळ्या जागच्या जागी होत्या. मोठ्या चित्रात 'मंदाकिनी' पुरं झालं होतं. अंगठी मात्र एक ओळ खाली सरकली होती, आणि तिथे नवं अक्षर सुरू झालं होतं: सु.

तिने बोट लावून पाहिलं. रंग ओला होता.