फांदीचा दुसरा अर्धा

ही माझ्या भावाची गोष्ट आहे. खरी आहे. पटत नसेल तर इथे थ्यूला या. टोपी अजून खुंटीवर आहे.

मागचा ऑक्टोबर. सूर्य नुकताच बुडाला होता...

थांबा. आधी वाग्न.

वाग्न माझा मोठा भाऊ. गावातल्या शिकाऱ्यांनी बंदुका ठेवून पुन्हा धनुष्य धरलं, त्यात तो पहिला. एल्मच्या लाकडाचं धनुष्य त्याने स्वतः तासलं. बाणाची पातीसुद्धा स्वतः घासली.

"आजोबांच्या काळात चाललास का रे?" होल्गर हसायचा. होल्गर शिकारमंडळाचा म्होरक्या.

"तू ये मागून. तुला पुढे जायची सवय नाही."

पुढच्या हंगामात सगळ्यांनी धनुष्यं घेतली. होल्गरने सगळ्यात महाग.

बाणाच्या शिकारीत एक कडक नियम आहे. बाण लागला की अर्धा तास थांबायचं. लगेच मागे लागलात तर जनावर लांब पळतं. आणि बाण वाईट बसला, तर कुत्री बोलवायची. जखमेचा माग काढणारी कुत्री गावात एकच, माझी. सिग्ने. बुटकी, खरखरीत केसांची.

तीन वर्षांपूर्वी वाग्नचा बाण एका हरणाच्या खांद्यात बसला. वाईट बसला. मला बोलवायला त्याने फोन काढला. होल्गरने त्याचा हात धरला.

"कुत्री आली की मालकीणबाईंना कळणार. त्यांच्या रानात धनुष्यं कायमची बंद. गुपचूप जा आणि शोध."

हे मला नंतर एस्टरने सांगितलं. होल्गरच्या बायकोने. ती तिथेच उभी होती.

वाग्न एकटा दलदलीत शिरला. सकाळी चरात सापडला, पालथा. हरीण सापडलंच नाही.

माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. फोन चालू होता.

दफनानंतर कॉफी पिताना होल्गर सगळ्यांना म्हणाला, "घाई नडली. थांबला नाही बिचारा."

आता मागचा ऑक्टोबर.

"बिर्ते, होल्गर बोलतोय. माझा बाण लागून हरीण जखमी झालंय. कुत्री घेऊन ये."

"आता लागते का कुत्री?"

"मालकीणबाईंनी बघितलंय गं."

गेले. अर्धा तास थांबलो. मग सिग्नेने नाक जमिनीला लावलं. पानांवर रक्त... थेंब थेंब.

वारा पडला.

पाखरं गप्प.

समोर स्प्रूसच्या झाडांच्या दाटीत... लाकूड ताणल्यासारखं करकरलं.

सिग्ने थांबली. आणि पाठीवर लोळली.

असं ती एकाच माणसासाठी करायची.

तिच्या पोटावरचे केस... दबत होते. उठत होते. कुणी हात फिरवत असल्यासारखे.

"काय झालं तिला?" होल्गरने विचारलं.

मी पट्टा ओढला तशी ती उठली.

पुढेच हरीण पडलं होतं. मेलेलं. तोंडात स्प्रूसची फांदी... ताजी. डिंक ओला.

ही आमची रीत. ज्याला जनावर सापडतं तो फांदी मोडतो. अर्धी जनावराच्या तोंडात, शेवटचा घास. अर्धी मारणाऱ्याच्या टोपीत.

पण आमच्या आधी तिथे कुणी पोचलं नव्हतं.

"माझी अर्धी कुठाय?" होल्गर गवत चाचपत राहिला.

मी हरणाचा खांदा चाचपला. कातडीखाली काहीतरी कडक. सुरीने कापलं. जुनं पातं, भोवती मांस भरून आलेलं. वाग्नने घासलेलं पातं मी ओळखते.

म्हणजे ते हरीण तेव्हा मरणारच नव्हतं. मला बोलावलं असतं तर माग पाहून मी सांगितलं असतं... वरवरची जखम आहे, जगेल. घरी चल.

"फेक ते," होल्गर म्हणाला.

मी खिशात घातलं.

घरी आले. खुंटीवर वाग्नची टोपी असते.

तिच्यात... स्प्रूसची अर्धी फांदी होती.

पुढच्या बैठकीत मी ते पातं मंडळाच्या टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं.

"तरी थांबायला हवं होतं त्याने," होल्गर म्हणाला.

वर्ष होत आलं. फांदी वाळली नाही.

परवा संध्याकाळी एस्टरचा फोन. "होल्गर एकटाच स्प्रूसकडे गेलाय. फांदी शोधतो म्हणाला. अजून आला नाही. बिर्ते, सिग्नेला घेऊन ये ना."

बूट घातले. पट्टा हातात घेतला.

सिग्ने टोपीखाली पाठीवर लोळत होती. पोटावरचे केस दबत होते... उठत होते.

मला कुणी थांब म्हणालं नाही. शपथेवर सांगते, घरात आवाज झाला नाही.

मी थांबले.

अर्धा तास.

मग सिग्ने आपणहून उठली आणि थेट त्या चराकडे निघाली.

होल्गर पालथा होता. मी त्याला उताणा केलं नाही.

घरी आले... टोपी रिकामी.

त्याच्या तोंडात काही होतं का, हे एस्टरला माहीत असेल. मी विचारत नाही. तीही सांगत नाही.