टेकडीतली सळई

“अहो, सोडा ती! सोडा म्हणतो ना!”

आमची ओळख झाली ती या ओरडण्यानं. त्या उघड्याबोडक्या मातीच्या टेकडीवर मी मधेच लटकले होते. पाय घसरत होते आणि हाताला लागली होती मातीतून डोकावणारी एक लोखंडी सळई. मी काही ती सोडली नाही. तीच उपटून हातात आली आणि मी घसरत थेट ओरडणाऱ्याच्या पायाशी!

त्यानं आधी सळई उचलली, मग मला. मला त्याचा भयंकर राग आला... आणि खरं सांगते, तो आवडलाही.

“पाऊस किती माती नेतो, ते मोजायला ठोकलीय ही,” तो म्हणाला. “टेकडी झिजते तशी ही बाहेर येते. इतक्या वर्षांचं मोजमाप घालवलंत!”

“मला वाटलं, धरायला लावलीय.”

“एकच?”

“मग पाटी लावायची!”

“पाटीसुद्धा धरून चढला असतात तुम्ही.”

मला हसू फुटलं. त्यालाही आवरलं नाही. खाली गाडीत आत्या हॉर्नवर हॉर्न देत होती, पण माझा पाय निघेना.

“तुम्ही उपटलीत, तुम्हीच ठोका.” त्यानं हातोडा दिला. माझा नेम चुकत होता, म्हणून त्याचा हात माझ्या हातावर आला – क्षणभरच. टेकडीच्या लाल-राखाडी पट्ट्यांवर ऊन तिरपं झालं होतं.

“आता नियम असा,” सळईकडेच बघत तो म्हणाला, “जो ठोकतो, त्यानंच पुढच्या वर्षी मोजायला यायचं.”

“मी लांबच्या शहरात नोकरीला चाललेय. नाही जमलं तर?”

“तर... हिचं माप राहून जाईल.”

त्या वर्षी पाऊस आला, की ऑफिसात सगळे छत्र्या शोधायचे आणि मला ती टेकडी आठवायची. तो मला विसरला असेल, असंही वाटायचं. तरी रजा काढून गेलेच.

“मोजायला आलेय. नियम आहे ना तुमचा,” मी टेकडीच्या फाटकावरच्या तिकीटवाल्या बाईंना म्हटलं.

“असला कसला नियम?” त्या हसल्या. “सगळ्या सळया तोच मोजतो. एक सोडून. तिला हात लावू देत नाही कुणाला.”

तो त्या सळईशेजारीच बसला होता.

“थापाड्या!” मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. “खरं सांगितलं असतं तर आला असतात?”

“विचारून तरी बघायचं.”

“मग विचारतो... दरवर्षी याल?”

“दरवर्षी येण्यासाठी दरवर्षी जावं लागतं,” मी म्हटलं. “मला नाही जायचं.”

त्यानंतर किती पाऊस झाले! टेकडी झिजली, त्याचे गुडघेही. परवा तो खालीच बसून ओरडत होता, “जपून! सळई धरू नकोस!”

मी नुसता हात लावला. तिच्याभोवतीची सगळी माती वाहून गेली होती. सळई अलगद हातात आली आणि मी घसरत पुन्हा त्याच्या पायाशी.

या वेळी त्यानं सळईकडे पाहिलंही नाही. “लागलं का गं तुला?”

“नाही. नियम काय म्हणतो ते सांग.”

त्यानं पिशवीतून हातोडा काढला. “उपटली त्यानं ठोकायची... आणि पुढच्या वर्षी मोजायला यायचं.”

“येऊ ना रे आपण?”

“आधी ठोक तर,” तो म्हणाला, आणि माझा हात धरून हळूहळू टेकडी चढू लागला.